इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग : पहिला अल्बम आणि उत्तरकालीन निर्मिती

'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' हा किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम होय. तो १० ऑक्टोबर १९६९ रोजी ब्रिटनमध्ये आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. अमेरिकेत तो अटलांटिक रेकॉर्ड्सतर्फे निघाला. प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकाराचा पाया घालणाऱ्या कलाकृतींमध्ये त्याची गणना होते. १९६९ ते २००३ या काळात किंग क्रिमसनने एकूण १३ स्टुडिओ अल्बम काढले आणि २०२१ पर्यंत मैफली केल्या. तथापि सर्वसामान्य श्रोत्याच्या मनात या बँडचे नाव आजही प्रामुख्याने पहिल्या अल्बमशीच जोडलेले आहे. त्यामुळे पहिल्या अल्बमचे मूल्यमापन करताना नंतरच्या निर्मितीचा विचार टाळता येत नाही. पुढील काळात या बँडने पहिल्या अल्बमची शैली जवळजवळ पूर्णपणे सोडून दिली. ती शैली इतर बँडनी उचलून धरली व ती त्या संगीतप्रकाराची ओळख बनली. पहिल्या अल्बमने एका संगीतप्रकाराला आकार दिला, तर किंग क्रिमसनला स्वतःची कार्यपद्धती सापडली ती नंतरच्या अल्बमांतून, असे या दोहोंमधील नाते थोडक्यात सांगता येते.

पार्श्वभूमी

प्रोग्रेसिव्ह रॉक हा रॉक संगीताचा एक प्रवाह असून तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उदयास आला. तीन-चार मिनिटांच्या, नाचण्याजोग्या गाण्याची चौकट ओलांडून पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांतील घटक रॉकमध्ये आणणे, दीर्घ रचना बांधणे आणि संपूर्ण अल्बमला एक कलाकृती मानणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' आणि मूडी ब्लूजचा 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' या १९६७ मधील अल्बमांनी या दिशेने वाट मोकळी केली होती. किंग क्रिमसन शून्यातून उभा राहिला नाही, हे त्याच्या पहिल्या अल्बमचे मूल्यमापन करताना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

बँडचा स्वतःचा पूर्वेतिहासही आहे. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि ड्रमवादक मायकेल जाइल्स यांनी जाइल्स यांचे बंधू पीटर यांच्यासह 'जाइल्स, जाइल्स अँड फ्रिप' या नावाने १९६८ मध्ये एक अल्बम काढला होता. विनोदी ढंगाचा हा अल्बम अत्यल्प विकला गेला. पुढे इयन मॅकडोनाल्ड त्यांना येऊन मिळाले. बासरी, सॅक्सोफोन आणि कळफलकाची वाद्ये अशी अनेक वाद्ये ते वाजवत असत. त्यांच्यासोबत गीतकार पीटर सिनफिल्ड आले. पीटर जाइल्स बाहेर पडल्यावर फ्रिप यांचे जुने परिचित ग्रेग लेक यांनी गायन व बास गिटारची जबाबदारी घेतली. जानेवारी १९६९ मध्ये या पाच जणांच्या तालमी लंडनमधील एका उपाहारगृहाच्या तळघरात सुरू झाल्या. सिनफिल्ड मंचावर वाद्य वाजवत नसत. गीतलेखन, प्रकाशयोजना आणि बँडचे नामकरण हे त्यांचे कार्य होते.

५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या विनामूल्य मैफलीपूर्वी किंग क्रिमसनचे वादन झाले. लाखोंच्या संख्येने जमलेल्या श्रोत्यांसमोरील या कार्यक्रमामुळे अल्बम निघण्यापूर्वीच बँडचे नाव सर्वतोमुखी झाले.

ध्वनिमुद्रण व आवरणचित्र

मूडी ब्लूजचे निर्माते टोनी क्लार्क यांच्याबरोबर ध्वनिमुद्रणाचा प्रारंभीचा प्रयत्न झाला. तो समाधानकारक न वाटल्याने बँडने निर्मितीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. नवख्या बँडच्या बाबतीत त्या काळी ही असाधारण गोष्ट होती. लंडनमधील वेसेक्स स्टुडिओत आठ ट्रॅकच्या यंत्रावर जुलै आणि ऑगस्ट १९६९ मध्ये हे काम झाले.

अल्बमच्या ध्वनीत मेलोट्रॉन या वाद्याचा वाटा मोठा आहे. पियानोसारखा कळफलक असलेल्या या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिनसमूह, बासरी, गायकवृंद इत्यादींचा एकेक स्वर आधीच मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकू लागते व तो स्वर ऐकू येतो. सुमारे आठ सेकंदांनंतर फीत संपते आणि स्वर थांबतो. फितीच्या गतीतील सूक्ष्म चढउतारांमुळे स्वर किंचित थरथरतो. खऱ्या वाद्यवृंदाची ही हुबेहूब नक्कल नसते. मात्र त्या अपूर्णतेतूनच एक धूसर, उदास आणि भव्य नाद निर्माण होतो. मॅकडोनाल्ड यांनी या नादाचे थर एकावर एक रचून अल्बमला त्याचे वातावरण दिले.

अल्बमचे आवरणचित्र बॅरी गॉडबर या तरुणाने रंगविले. ते व्यवसायाने संगणक-आज्ञावलीकार होते. भीतीने विस्फारलेले डोळे आणि उघडे तोंड असलेला लालसर चेहरा आवरणाची संपूर्ण जागा व्यापतो. मूळ आवरणाच्या दर्शनी भागावर बँडचे किंवा अल्बमचे नावही नव्हते. अल्बम प्रकाशित झाल्यानंतर काही महिन्यांतच, १९७० मध्ये, गॉडबर यांचे निधन झाले. त्यांनी केलेले हे एकमेव आवरणचित्र होय.

अल्बममधील रचना

सुमारे ४४ मिनिटांच्या या अल्बममध्ये पाच रचना आहेत. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूस तीन आणि दुसऱ्या बाजूस दोन अशी त्यांची मांडणी होती.

'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन' ही सुरुवातीची रचना अल्बममधील सर्वांत आक्रमक रचना आहे. यातील शब्दांवर व्हिएतनाम युद्धाची छाया आहे. लेक यांचा आवाज जाणीवपूर्वक विकृत करून मुद्रित केलेला आहे. मध्यभागी लय एकाएकी द्रुत होते आणि गिटार, सॅक्सोफोन, बास व ड्रम सर्व मिळून एकच अवघड सुरावट थांबत-सुटत वाजवतात. जॅझमधील चपळता आणि रॉकमधील कठोरता यांचा असा मेळ त्यापूर्वी क्वचितच ऐकू आला होता.

'आय टॉक टू द विंड' ही बासरीप्रधान, शांत रचना त्यानंतर लगेच येते. बँडच्या स्थापनेपूर्वी, १९६८ मध्ये, गायिका ज्युडी डायबल यांच्या आवाजात तिचे एक प्राथमिक मुद्रण झाले होते. ते १९७६ च्या एका संकलनात प्रसिद्ध झाले. 'एपिटाफ', म्हणजे समाधिलेख, ही रचना मेलोट्रॉनच्या भव्य स्वरमेळावर उभी असून विज्ञानाचा विनाशकारी वापर आणि भविष्याची धास्ती हा तिचा विषय आहे.

'मूनचाइल्ड' ही बारा मिनिटांची रचना दोन भागांत विभागली जाते. आरंभीच्या अडीच मिनिटांच्या नाजूक गीतानंतर गिटार, व्हायब्राफोन आणि ड्रम यांचे अत्यंत विरळ, उत्स्फूर्त वादन सुरू होते. शेवटच्या 'द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' या रचनेत सिनफिल्ड यांनी राजदरबार, विदूषक, कळसूत्री बाहुल्या अशा प्रतिमांची मध्ययुगीन मिरवणूक उभी केली असून मेलोट्रॉन व गायकवृंदाने तिला उत्सवी भारदस्तपणा दिला आहे.

श्रेयनामावलीतील एक बाब येथे महत्त्वाची ठरते. 'आय टॉक टू द विंड' आणि शीर्षकरचना या दोहोंचे श्रेय मॅकडोनाल्ड व सिनफिल्ड यांना आहे. उरलेल्या तीन रचना पाचही जणांच्या नावे आहेत. एकट्या फ्रिप यांच्या नावे एकही रचना नाही. पुढील पाच दशके बँडमध्ये सातत्याने राहिलेले फ्रिप हे एकमेव सदस्य असल्याने किंग क्रिमसन म्हणजे फ्रिप असे समीकरण रूढ झाले आहे. पहिल्या अल्बमला ते लागू पडत नाही.

प्रारंभीचे स्वागत

ब्रिटनच्या विक्रीयादीत अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत आणि अमेरिकेत अठ्ठाविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. 'द हू' या बँडचे पीट टाउनशेंड यांनी त्याची जाहीर प्रशंसा केली आणि ती जाहिरातीतही वापरली गेली. सर्वांचे मत मात्र अनुकूल नव्हते. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी त्याला 'डी प्लस' ही खालची श्रेणी दिली. भारदस्तपणाचा आव आणणारे संगीत, हा प्रोग्रेसिव्ह रॉकवर पुढे वारंवार झालेला आक्षेप या अल्बमच्या प्रकाशनापासूनच ऐकू येऊ लागला होता.

संचाचे विघटन आणि अनुकरणाचा टप्पा (१९७०–७२)

डिसेंबर १९६९ मध्ये, अमेरिकेच्या पहिल्याच दौऱ्यात, मॅकडोनाल्ड आणि जाइल्स यांनी बँड सोडण्याचा निर्णय घेतला. ते राहणार असतील तर आपण बाहेर पडू, असा प्रस्ताव फ्रिप यांनी मांडला होता. तो स्वीकारला गेला नाही. लेक यांनी १९७० मध्ये एमर्सन, लेक अँड पामर या बँडची स्थापना केली. अशा प्रकारे पहिला अल्बम निर्माण करणारा संच वर्षभरही टिकला नाही.

मे १९७० मध्ये 'इन द वेक ऑफ पोसायडन' हा दुसरा अल्बम प्रसिद्ध झाला. जाइल्स यांनी त्यात पाहुणे वादक म्हणून ड्रम वाजविले आणि लेक यांनी बहुतेक गीते गायिली. या अल्बमची पहिली बाजू पहिल्या अल्बमच्या पहिल्या बाजूशी इतकी समांतर आहे की रचनांच्या जोड्या सहज लावता येतात. 'पिक्चर्स ऑफ अ सिटी' ही 'स्किझॉइड मॅन'च्या, 'केडन्स अँड कॅस्केड' ही 'आय टॉक टू द विंड'च्या आणि शीर्षकरचना 'एपिटाफ'च्या जागी आलेली दिसते. 'द डेव्हिल्स ट्रँगल' ही रचना संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांच्या 'मार्स' या रचनेवर आधारलेली असून 'मार्स' हा १९६९ च्या मैफलींतील ठरलेला भाग होता. विक्रीच्या दृष्टीने हा अल्बम ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर पोहोचून पहिल्याच्याही पुढे गेला. तरीही कलादृष्ट्या त्याची ओळख पहिल्याची प्रतिकृती अशीच राहिली. यशस्वी साच्याची पुनरावृत्ती करून विक्री साधता येते, परंतु मूळ कलाकृतीचा प्रभाव पुन्हा साधता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

डिसेंबर १९७० मधील 'लिझर्ड' आणि डिसेंबर १९७१ मधील 'आयलंड्स' या अल्बमांमध्ये फ्रिप व सिनफिल्ड यांनी साचा मोडण्याचा प्रयत्न केला. पियानोवादक कीथ टिपेट आणि त्यांच्या वर्तुळातील जॅझ वादकांचा सहभाग, 'लिझर्ड'ची तेवीस मिनिटांची शीर्षकरचना आणि तिच्या आरंभी 'येस' या बँडचे जॉन अँडरसन यांचे गायन ही या टप्प्याची वैशिष्ट्ये होत. तथापि प्रत्येक अल्बमगणिक वादक बदलत राहिल्याने या टप्प्यात स्थिर संच उभा राहू शकला नाही. १९७२ च्या आरंभी सिनफिल्डही बाहेर पडले आणि पहिल्या संचातील केवळ फ्रिप उरले.

नवी भाषा (१९७३–७४)

१९७२ मध्ये फ्रिप यांनी सर्वस्वी नवा संच बांधला. 'येस'सारखा यशाच्या शिखरावरील बँड सोडून आलेले ड्रमवादक बिल ब्रूफोर्ड, बास गिटारवादक व गायक जॉन वेटन, व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस आणि तालवाद्यवादक जेमी म्यूर हे त्याचे सदस्य होते. मार्च १९७३ मध्ये आलेल्या 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' या अल्बममध्ये मध्ययुगीन दरबार, बासरीची गीते आणि गायकवृंद यांचा मागमूस उरला नाही. त्यांच्या जागी विषम मात्रांची आवर्तने, व्हायोलिन व गिटार यांचा संघर्ष आणि बार्टोक व स्ट्रॅव्हिन्स्की या विसाव्या शतकातील संगीतकारांची आठवण करून देणारे कर्कश स्वरमेळ आले. गीतलेखन आता रिचर्ड पामर-जेम्स यांच्याकडे होते. अल्बम प्रसिद्ध होण्याच्या सुमारास म्यूर यांनी संगीत सोडले व ते स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात गेले. उर्वरित चौघांनी काम पुढे चालू ठेवले.

१९७४ मधील 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमची घडण अभ्यसनीय आहे. त्यातील केवळ दोन गीते संपूर्णपणे स्टुडिओत मुद्रित झाली. उर्वरित भागाचा आधार मैफलींतील ध्वनिमुद्रण होते. त्यातही २३ नोव्हेंबर १९७३ च्या ॲमस्टरडॅममधील मैफलीचा वाटा मोठा आहे. टाळ्यांचे आवाज काढून टाकल्यामुळे ते स्टुडिओतील काम वाटते. यांतील 'ट्रायो' ही रचना मंचावर उत्स्फूर्तपणे साकारली. तीत ब्रूफोर्ड यांनी ड्रमवर एकही ठोका दिला नाही. वाजविण्याचा मोह आवरणे हेही योगदान मानून रचनेच्या श्रेयात त्यांचे नाव समाविष्ट करण्यात आले.

ऑक्टोबर १९७४ मध्ये 'रेड' प्रसिद्ध झाला, तेव्हा मुख्य संचात फ्रिप, वेटन आणि ब्रूफोर्ड हे तिघेच राहिले होते. अल्बम बाजारात येण्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, फ्रिप यांनी बँड विसर्जित केल्याचे जाहीर केले. ब्रिटनच्या विक्रीयादीत 'रेड' पंचेचाळिसाव्या क्रमांकापुढे गेला नाही. कालांतराने मात्र अनेक श्रोते आणि समीक्षक त्याला पहिल्या अल्बमच्या बरोबरीचे, काही जण त्याहूनही वरचे, स्थान देऊ लागले.

१९८१ नंतरची निर्मिती

१९८१ मध्ये फ्रिप आणि ब्रूफोर्ड यांनी एड्रियन बेलू व टोनी लेव्हिन या अमेरिकी वादकांसह नवा बँड उभारला. प्रारंभी त्याचे नाव 'डिसिप्लिन' असे होते. नंतर किंग क्रिमसन हेच नाव पुन्हा स्वीकारण्यात आले आणि 'डिसिप्लिन' हे अल्बमचे शीर्षक बनले. मेलोट्रॉन व सॅक्सोफोन यांना येथे स्थान नाही. दोन गिटारी लहान लहान स्वराकृती अखंड वाजवत राहतात आणि त्या एकमेकींत गुंफल्या जाऊन इंडोनेशियातील गामेलान वाद्यसंगीतासारखी वीण तयार होते. 'फ्रेम बाय फ्रेम' या रचनेत दोन्ही गिटारी एकाच आकृतीने आरंभ करतात. नंतर एक गिटार आवर्तनातील एक स्वर गाळते, त्यामुळे दोघींमधील अंतर हळूहळू वाढत जाते आणि अखेरीस त्या पुन्हा समेवर येऊन मिळतात. या संचाने 'बीट' (१९८२) आणि 'थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर' (१९८४) हे आणखी दोन अल्बम काढले. मैफलींत तो १९७३–७४ मधील काही वाद्यरचना वाजवीत असे, परंतु पहिल्या अल्बममधील एकही रचना वाजवीत नसे.

त्यानंतर सहा वादकांच्या संचाचा 'थ्रॅक' (१९९५) आणि पुढे 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' (२०००) व 'द पॉवर टू बिलीव्ह' (२००३) हे अल्बम आले. यांत 'रेड'मधील धातुमय कठोरता आणि 'डिसिप्लिन'मधील वीण यांचा मिलाफ आढळतो.

तुलनात्मक विवेचन

पहिला अल्बम आणि नंतरची निर्मिती यांची तुलना पुढील मुद्द्यांच्या आधारे केली जाते.

रचनाबंध : पहिल्या अल्बममध्ये 'स्किझॉइड मॅन'चा अपवाद वगळता रचनांचा गाभा गीताचाच आहे. कडवे, ध्रुवपद आणि मधले वादन हा परिचित क्रम मेलोट्रॉनच्या आवरणाने भव्य केला आहे. १९७३ नंतर वाद्यरचना हाच गाभा ठरतो आणि गीत हे तिच्या अनेक अंगांपैकी एक अंग बनते. याची सर्वांत स्पष्ट तुलना 'एपिटाफ' आणि 'रेड'मधील अखेरची रचना 'स्टारलेस' यांच्यात करता येते. दोन्हींचा आरंभ मेलोट्रॉन, विलंबित लय आणि विषण्ण गायन यांनी होतो. 'एपिटाफ' अखेरपर्यंत त्याच भावावस्थेत राहते. 'स्टारलेस' मात्र सुमारे चार मिनिटांनंतर गीत सोडून देते. बास गिटारवर १३ मात्रांचे आवर्तन सुरू होते, गिटार एकाच स्वराचा आघात करीत राहते आणि तो स्वर अतिशय सावकाश वर सरकतो. हा ताण कित्येक मिनिटे वाढत जाऊन द्रुत लयीत फुटतो आणि शेवटी आरंभीची सुरावट प्रचंड आवाजात परतते. तीच सुरावट आता वेगळ्या अर्थाने ऐकू येते. या रचनेत सॅक्सोफोन वाजविणाऱ्या दोघांपैकी एक इयन मॅकडोनाल्ड होते. पहिल्या संचातील सदस्य पाच वर्षांनी परतला आणि पहिल्या अल्बमचीच सामग्री नव्या रचनाबंधात बसविली गेली, ही बाब दोन्ही कालखंडांना जोडणारा दुवा ठरते.

उत्स्फूर्त वादन : 'मूनचाइल्ड'चा उत्तरार्ध हा पहिल्या अल्बममधील सर्वाधिक वादग्रस्त भाग होय. वादक एकमेकांना चाचपडत प्रतिसाद देतात. परंतु वादनाला दिशा मिळत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. २००९ मध्ये अल्बमच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त स्टीव्हन विल्सन व फ्रिप यांनी मूळ ट्रॅकवरून नवे मिश्रण सिद्ध केले, तेव्हा हा भाग काही मिनिटांनी कमी करण्यात आला. याउलट 'ट्रायो' ही रचना पूर्णतः उत्स्फूर्त असूनही बांधीव वाटते. मात्र १९६९ च्या मैफलींचे जे ध्वनिमुद्रण १९९७ मध्ये 'एपिटाफ' याच नावाने प्रसिद्ध झाले, त्यावरून पहिला संचही मंचावर दीर्घ आणि धाडसी उत्स्फूर्त वादन करीत होता हे दिसून येते. त्यामुळे उत्स्फूर्ततेच्या बाबतीत दोन्ही संचांमधील भेद अल्बमवरून वाटतो तितका मोठा नाही.

ताल : जाइल्स यांचे ड्रमवादन हे पहिल्या अल्बमचे अनेकदा दुर्लक्षित राहिलेले बलस्थान आहे. बहुतेक रचना चारच्या पटीतील सरळ मात्रांमध्ये असल्या तरी त्यांतील प्रत्येक जागा ते वेगळ्या प्रकारे भरतात. पुढील काळात गुंतागुंत ड्रमवादकाच्या भरण्यातून रचनेच्या मूळ आवर्तनातच आली. विषम मात्रा हा अलंकार न राहता आराखडा झाला.

शब्द : सिनफिल्ड यांची प्रतिमाप्रधान, अलंकृत गीते पहिल्या अल्बमच्या वातावरणाचा अविभाज्य भाग आहेत. ती कृत्रिम असल्याची टीकाही तितकीच जुनी आहे. 'एपिटाफ' आणि 'स्किझॉइड मॅन' यांतील युद्ध व विनाशाचे भय त्या काळाशी थेट जोडलेले असल्याने त्यांचा परिणाम टिकून आहे. पुढील काळात शब्दांचे वजन कमी होत गेले. बेलू यांच्या 'एलिफंट टॉक' या गीतात तर बडबड या क्रियेचे पर्यायी शब्द वर्णानुक्रमे मांडलेले आहेत. तेथे शब्द अर्थापेक्षा ध्वनी म्हणून अधिक वापरले जातात.

एकसंधता : या निकषावर पहिला अल्बम सरस ठरतो. आवरणचित्र, शब्द, मेलोट्रॉनचा नाद आणि रचनांचा क्रम यांनी मिळून एक अखंड जग उभे केले आहे. प्रखर आरंभानंतर येणारी शांतता, तिच्यानंतरचा शोक आणि अखेरची मिरवणूक असा त्याचा प्रवास आहे. 'रेड' आणि 'डिसिप्लिन' हे अल्बम वगळता नंतरच्या निर्मितीत अशी एकसंधता क्वचित आढळते.

प्रभाव व वारसा

संगीताभ्यासक एडवर्ड मेकन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रोग्रेसिव्ह रॉकविषयक ग्रंथात या अल्बमला या प्रकारातील कदाचित सर्वाधिक प्रभावशाली अल्बम मानले आहे. २०१५ मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या श्रेष्ठ प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बमांच्या यादीत त्याला दुसरे स्थान मिळाले. पहिल्या स्थानी पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' होता. २०१० मध्ये अमेरिकी रॅप कलाकार कान्ये वेस्ट यांनी 'पॉवर' या गीतात 'स्किझॉइड मॅन'चा अंश वापरला आणि एका नव्या पिढीपर्यंत ती रचना पोहोचली.

दोन्ही कालखंडांचा प्रभाव मात्र वेगवेगळ्या दिशांनी गेला. मेलोट्रॉन, दीर्घ रचना आणि मिथ्यकथात्म शब्द हा पहिल्या अल्बमचा वारसा १९७० च्या दशकातील जेनेसिससारख्या इंग्लिश बँडमध्ये तसेच इटलीतील प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये दिसतो. १९७३–७४ मधील विषम आवर्तने आणि जड गिटार यांचा वारसा नंतरच्या कठोर रॉक व मेटल बँडकडे गेला. अमेरिकेतील 'टूल' हा बँड आपल्यावरील किंग क्रिमसनचे ऋण मान्य करतो. २००१ मध्ये टूलच्या दौऱ्यात काही मैफलींचा आरंभ किंग क्रिमसनच्या वादनाने झाला.

पहिल्या अल्बमविषयी बँडची स्वतःची भूमिकाही स्थिर राहिली नाही. १९८० च्या दशकात पूर्णतः वगळलेल्या त्यातील रचना २०१४ ते २०२१ या काळात मैफलींत परतल्या. तीन ड्रमवादक मंचाच्या पुढील भागात बसत असलेल्या या संचाने 'एपिटाफ', शीर्षकरचना आणि 'स्किझॉइड मॅन' यांच्या शेजारीच 'रेड', 'स्टारलेस' आणि 'डिसिप्लिन'च्या काळातील रचनाही वाजविल्या. बासरी व सॅक्सोफोनची बाजू मेल कॉलिन्स यांनी सांभाळली. 'पोसायडन'पासून 'आयलंड्स'पर्यंत आणि पुन्हा 'रेड'मध्येही त्यांचे वादन आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियो येथे या संचाची अखेरची मैफल झाली.